जुन्या क्लॅरिनेटला कारागीर हवा

एकतीस वर्षं मी बस डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत काम केलं. लोक बसमध्ये छत्र्या विसरायचे, चष्मे विसरायचे, एकदा तर एकाने अख्खं शिवणयंत्र सीटखाली ठेवलं आणि उतरून गेला. मी मालक हुडकून काढायचे. कवळीचा मालक शोधणं किती अवघड असतं हे ज्याने शोधलाय त्यालाच ठाऊक, पण मी तोही शोधला. त्यामुळे माझ्यासमोर कुणी "अमुक मिळत नाही" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या ह्यांना हे चाळीस वर्षं माहीत आहे. तरीही ते जेवता जेवता म्हणालेच, "असल्या जुन्या वाद्याला हात लावणारा माणूस आता मिळायचा नाही."

वाद्य म्हणजे त्यांचं क्लॅरिनेट. काळ्याभोर लाकडाचं, नव्वद वर्षांचं, त्यांच्या मास्तरांनी त्यांना दिलेलं. आमच्यापेक्षा वयाने मोठं, म्हणून घरात त्याला आजोबाच म्हणतात. ह्यांनी चौतीस वर्षं शहराच्या वाद्यवृंदात ते वाजवलं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र घरात वाजवणं बंद झालं, मग तालमींना जाणंही बंद झालं. विचारलं की एकच उत्तर, "आजोबा बिघडलेत. खालचे सूर लावायला गेलं की किंचाळतात."

वाद्यवृंदाचे संचालक भला माणूस. त्यांनी कपाटातलं नवंकोरं क्लॅरिनेट देऊ केलं. ह्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, दुसऱ्याचं वाद्य तोंडात धरणं म्हणजे दुसऱ्याची कवळी घालणं. शेवटी संचालकांनी नाइलाजाने सांगितलं की पुढच्या महिनाअखेरपर्यंत कळवा, पुढच्या हंगामाला येणार की खुर्ची दुसऱ्याला देऊ. खुर्ची गेली की हा माणूस खिडकीत बसून नुसता रस्ता बघत राहणार, हे मला दिसत होतं. गेले काही महिने तेच चाललं होतं. तेव्हा मी ठरवलं की कारागीर शोधायचा.

पहिला गाठला तो वाद्यांच्या मोठ्या दुकानातला. त्याने पेटी उघडली, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "काकू, हे काचेच्या कपाटात ठेवा, छान दिसेल." मी पेटी मिटली. दुसरा बासऱ्या आणि सॅक्सोफोन दुरुस्त करायचा. त्याच्या टेबलावर एकच डिंकाची बाटली होती आणि सगळ्या रोगांवर तेच औषध. तिसऱ्याने वाद्य उलटं धरलं. चौथा मिळाला, पण तो वर्षापूर्वी वारला होता आणि त्याचा मुलगा आता त्याच जागेत मोबाइलची कव्हरं विकत होता.

दर वेळी मी हात हलवत परत यायचे आणि ह्यांचा चेहरा बघायचे. मला वाटायचं, बिचारे आतून खचत असतील. खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी ते दोन घास जास्तच जेवायचे. पण माणसाला जे बघायचं नसतं ते नाकासमोर असलं तरी दिसत नाही. माझ्या जावेने फोनवर विचारलं, "नाचता येईना अंगण वाकडं, असं तर नाही ना गं?" त्यावर मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही.

मग वाद्यवृंदातल्या ओबोवाल्याकडून मला एक धागा मिळाला. पूर्वी वाद्यांचा एक कारखाना होता, तो बंद पडला, पण तिथला हिशेबनीस अजून हयात आहे. हिशेबनिसाला ऐकू कमी यायचं. त्याच्या सुनेने त्याच्या कानात ओरडून माझा प्रश्न पोचवला आणि त्याचं उत्तर माझ्यापर्यंत आणलं. कारखान्यात क्लॅरिनेटच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसलेली एक बाई बसने तीन तासांच्या अंतरावरच्या गावात राहते आणि घरीच काम करते. त्याच आठवड्यात हे भावाकडे तीन दिवसांसाठी गेले. त्यांना विचारलं असतं तर "कशाला दगदग करतेस" म्हणाले असते. मी पेटी उचलली आणि सकाळची बस धरली.

दोन जिने चढून वर गेले तर दार उघडंच होतं. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर वाकलेला दिवा, भिंतीला पंचवीस-तीस लहान लहान खण आणि प्रत्येकावर मापाची चिठ्ठी. बाई माझ्याच वयाची. अंगावर लाखेच्या डागांनी कडक झालेला एप्रन, नाकावर दोन चष्मे एकावर एक. मला एकदम बरं वाटलं. ज्या माणसाच्या खणांवर चिठ्ठ्या असतात त्याच्यावर माझा विश्वास बसतो.

"कुठल्या कारखान्याचं आहे?" तिने विचारलं.

"ते तुम्हीच सांगा," मी पेटी पुढे सरकवली.

तिने पेटी उघडली. वरचा अर्धा भाग काढून उजेडात धरला, एक चावी अंगठ्याने दाबली, सोडली आणि तिचा चेहरा असा काही खुलला!

"अहो, हे तर माझंच काम! ही इथे चीर होती, बोटाच्या पेराएवढी. दिसतेय? शोधा, शोधा! नाही ना दिसत? कुणालाच दिसायची नाही. आणि ह्या सगळ्या चाव्यांखालच्या गाद्या मी नव्या बसवल्यात, सतराच्या सतरा. दाबून बघा, आवाज तरी येतो का." ती एवढं बोलली आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. हातातला तुकडा हळूच पेटीत ठेवला. "तुम्ही कोण म्हणालात?"

"मी काही म्हणालेच नाही," मी म्हटलं. "केव्हा केलंत हे काम?"

"मी गिऱ्हाइकांचं बाहेर बोलत नाही."

"मी बाहेरची नाही. त्यांची बायको आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पाच आठवडे मी ज्या बाईसाठी वणवण केली तिच्याकडे आमचे हे आधीच जाऊन आले होते. तेही चोरून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून जावंसं वाटलं, पण मी बसून राहिले. डेपोतल्या खोलीत एक गोष्ट मी शिकले होते. दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून मागायला आलेल्या माणसासमोर नुसतं गप्प बसायचं, तो आपण होऊन सगळं सांगतो. बाईंनी चहा केला, माझ्यासमोर ठेवला, स्वतःचा पिऊन संपवला. मग त्या बोलायला लागल्या.

"आठ महिने झाले. मला शोधायला त्यांना चार महिने लागले म्हणे."

मला पाच आठवडेच लागले होते. तेवढ्या रागातही मला त्याचं बरं वाटलं.

"दुरुस्ती झाली, मी तपासलं," बाई सांगत होत्या. "आत बारीक दिवा घालते मी. गादी नीट बसली नसेल तर फटीतून उजेड दिसतो. कुठेही दिसला नाही. त्यांना वाजवायला दिलं, तर खालचे सूर किंचाळले. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलंय. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. ते दोन दिवस इथे खालच्या लॉजमध्ये राहिले. इतकी वर्षं मी वाद्याकडे बघत आलेय हो. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा हाताकडे बघितलं."

"हाताला काय झालंय?" मी विचारलं.

"डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं बोट. ते ज्या छिद्रावर टेकवायचं ना, त्याच्यावर अर्धंच बसत होतं. बाजूने हवा जाणार, आणि त्याच्याखालचे सगळे सूर बिघडणार. आणि त्यांना ते कळतच नव्हतं. मी सुईचं टोक बोटाला लावलं, विचारलं, टोचतंय का? तर म्हणाले, काय टोचतंय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्या माणसाच्या मोज्यांना कुठे भोक आहे हे मला माहीत असतं. आणि हे माहीत नव्हतं.

"ह्याला काही उपाय?"

"आहे की. त्या छिद्रावर झाकण बसवायचं, इतर चाव्यांना असतं तसं. मग बोट कसंही पडलं तरी झाकण नेमकं बसतं. पण त्यासाठी लाकडात दोन बारीक खांब रोवावे लागतील. म्हणजे नव्वद वर्षांत ज्याला कुणी नवं भोक पाडलं नाही अशा लाकडाला..."

"मग बसवा," मी म्हटलं.

बाईंनी दोन्ही चष्मे काढले. "अगदी हेच शब्द," त्या म्हणाल्या.

"कुणाचे?"

"तुमचे. तुमच्या ह्यांनी मला आधीच सांगितलं होतं. म्हणाले, विचार करून कळवतो, पण घरी पत्र टाकू नका, फोन करू नका. बायकोला कळलं तर ती मला विचारायच्या आधीच म्हणेल, मग बसवा."

मला कुणी थोबाडीत मारली असती तर मी उलट दिली असती. ह्याला काय देणार? माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे असा, आणि तो मी अभिमानाने मिरवत आले. ह्यांचा चष्मा मी निवडला, ह्यांचा दंतवैद्य मी बदलला, ह्यांच्या सुट्ट्या मी ठरवल्या. सगळं त्यांच्या भल्याचंच होतं, त्यात खोट नाही. पण घाव मी घालायचे आणि तुकडे नेहमी त्यांचे व्हायचे. मला त्या परक्या खोलीत, त्या परक्या बाईसमोर, फार लाज वाटली.

"मी तुम्हाला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका," बाई म्हणाल्या. "कारागिराचं तोंड सैल म्हणून नाव झालं की संपलं. स्वतःचं काम दिसलं आणि मला राहवलं नाही बघा."

मी शब्द दिला. पेटी मांडीवर घेऊन तीन तास बसमध्ये बसले. भावाकडून हे परत आले तेव्हा पेटी कपाटात जिथल्या तिथे होती.

बसमध्ये मी सगळं ठरवून टाकलं होतं. त्यांना लपवायचंय ना? लपवू दे. आपण ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं भांडं उघडं करायचं नाही. रात्री भाजी वाढताना म्हटलं, "मी हरले हो. खूप शोधलं. नाही मिळत कुणी."

माझ्या तोंडून हे वाक्य चाळीस वर्षांत त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी मान वर केली. क्षणभर मला वाटलं, पकडली गेले. पण त्यांचा चेहरा सैल पडत गेला, खांदे खाली आले. "मी म्हणतच होतो," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. उजवा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेबलाशी कागद घेऊन बसले. मी समोर शेंगा सोलत होते. एक एक शब्द लिहीत ते स्वतःशीच वाचत होते, "वाद्य आता दुरुस्त होण्यासारखं राहिलेलं नसल्यामुळे..."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला वाटलं होतं, मी त्यांची लाज राखतेय. आणि हे तर माझ्या थापेवर सही करून चौतीस वर्षांची खुर्ची सोडून देत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी हार मानली, आणि तीही खोटी, आणि तिच्यामुळे हा माणूस खिडकीत जाऊन बसणार.

"लिहायचं थांबवा," मी म्हटलं. "बोट दाखवा."

"कुठलं बोट?"

"तुम्हाला माहितीये कुठलं."

त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. मग म्हणाले, "ती बोलली?"

"तिची चूक नाही. पेटी उघडली आणि आपलं काम बघून तिला अभिमान आवरला नाही. सांगणार नाही असा मी तिला शब्द दिला होता. मोडला. नंतर माफी मागेन."

त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून. मी ते बोट हातात घेतलं. दिसायला अगदी नेहमीसारखं. नखाने टोकाशी दाबलं. "इथे कळतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

मी पेर सोडून खाली आले. "इथे?"

"इथे थोडंसं. लांबून कुणी दाबल्यासारखं."

मला रडू आलं आणि मी रडले, लपवलं नाही. ते दुसऱ्या हाताने टेबलावरच्या शेंगा एका जागी गोळा करत राहिले.

"डॉक्टरांकडे गेलो होतो," ते म्हणाले. "कोपरात नस दबलीये. वाढणार नाही बहुतेक. पण गेलेलं परत यायचं नाही."

"एकटे गेलात?"

"एकटा."

"का हो? मला का नाही सांगितलं?"

"तुला सांगितलं असतं तर तू लगेच उपाय केला असतास."

"मग? उपाय करू नये?"

"करावा की," ते म्हणाले. "पण मला आधी थोडे दिवस नुसतं वाईट वाटून घ्यायचं होतं गं. ह्या घरात ते जमत नाही."

दहा गोष्टी ओठांवर आल्या. नसांचा दुसरा डॉक्टर, शेकाचा उपाय, ओबोवाल्याच्या मेहुण्याला हेच झालं होतं ते. मी एकही बोलले नाही. बोट मात्र सोडलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी हात सोडवून घेतला, कपाटातून पेटी काढली, आजोबांचे तुकडे एकमेकांत बसवले. तोंडाशी बसणारी वेताची पट्टी, म्हणजे रीड, जिभेवर ओली केली. आठ महिन्यांत माझ्यासमोर हे पहिल्यांदाच होत होतं. वरचे दोन-तीन सूर स्वच्छ निघाले, गोल, मला आठवत होते तसे. मग बोटं खाली उतरली आणि वाद्य असं किंचाळलं की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जीभ दाताखाली धरून बसले होते. त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बोट दोनदा उचलून टेकवलं, सूर अर्धा लागला, अर्धा फाटला. चांगला अर्धा तास ते तसेच वाजवत राहिले, आणि मी अर्धा तास ऐकत राहिले. इतकं वाईट वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पण मध्येच एखादा खालचा सूर नेमका लागायचा, आणि त्यांच्या भुवया वर जायच्या.

शेवटी त्यांनी वाद्य खाली ठेवलं. कपाळावर घाम होता. टेबलावरचा कागद उलटा केला, संचालकांना लिहिलं की वाद्य दुरुस्तीला जातंय, सहा आठवडे द्या. सही केली.

"त्या एकाच छिद्रावर झाकण," ते म्हणाले. "बाकी कशाला हात लावायचा नाही."

"बरं," मी म्हटलं.

"मास्तरांना आवडलं नसतं."

मास्तर कसे चुकीचे ठरले असते ह्याची मला तीन कारणं सुचली. "बरं," मी म्हटलं.

"आणि मी घेऊन जाणार. माझ्या तोंडाने मीच तिला सांगणार."

"बरं."

"तू यायचं नाहीस."

हे जड गेलं. तरी म्हटलं, "बरं."

ते आजोबांच्या पोटातून फडकं ओढून ओल पुसत होते. एक तुकडा पुसून झाला, दुसरा घेतला, तोही पुसला. पेटीत ठेवताना म्हणाले, "आलीस तर चालेल. पण जिन्याखाली थांबायचं. वर नाही."

"खाली बसायला काही आहे का तिथे?"

"एक बाक आहे. मधली फळी मोडलीये."

"चालेल," मी म्हटलं. "मी कडेला बसेन."